गळाच्या काठीवरचा अंक

गळाच्या काठीच्या मुठीपासून थोड्या वर, जेथें कारखानदाराचें नांव असतें तेथेंच, बहुधा बारीक अक्षरांत दोन अंक छापलेले आढळतात. ७ ते २१ ग्रॅम, १० ते ३० ग्रॅम, अशी त्यांची धाटणी असते. इंग्लंड-अमेरिकेकडील काठ्यांवर हेच अंक पुष्कळदां औंसांत असतात. एक औंस म्हणजे सुमारें २८ ग्रॅम, जुन्या मापानें जवळजवळ अडीच तोळे. या अंकांचा अर्थ इतकाच कीं, या काठीनें या दोन वजनांच्या दरम्यानचें आमिष फेंकावें. काठी विकत घेतांना लोक तिची लांबी पाहतात, रंग पाहतात, हातांत घेऊन दोनदां हलवून पाहतात. अंक वाचणारे थोडे. आणि वाचणाऱ्यांतहि दोन तट असतात. एक तट म्हणतो, मर्यादा २१ ग्रॅमची असतांना बाविसावा ग्रॅम लावला कीं काठी मोडलीच. दुसरा म्हणतो, कारखानदार आपल्या अब्रूला जपून अंक कमीच छापतो. दुप्पट वजन खुशाल लावावें. पहिला पक्ष भित्रा व दुसरा बेफिकीर, एवढें म्हणून भागत नाहीं. दोघांची चूक एकच आहे: त्या अंकानें नेमकें काय मोजलें आहे, हें दोघांनींहि विचारलेलें नसतें.

हा प्रश्न केवळ विलायतेंतील हौशी लोकांचा राहिलेला नाहीं. कोंकणांत गरीनें मासे गरवण्याची रीत जुनी आहे. पण ती बहुतांशीं हातदोरीची किंवा साध्या बांबूच्या काठीची. आतां मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशीं कार्बनची काठी व रीळ घेऊन किनाऱ्यावरील खडकांवर आणि खाड्यांच्या मुखाशीं उभी राहिलेली दिसतात. जिताडा, तांबोशी यांसारखे शिकारी मासे धातूच्या चकाकत्या चमच्यावर किंवा लांकडाच्या, प्लॅस्टिकच्या बनावट माशावर झेप घालतात, म्हणून खऱ्या आमिषाऐवजीं हें बनावट आमिष दूर फेंकून ओढीत आणावयाचें, अशी ही विद्या आहे. अशा वेळीं समुद्रावरून वारा तोंडावर येत असतो, मासा लांब उसळलेला दिसतो, पेटींतलें हलकें आमिष वाऱ्यांत अर्ध्या वाटेंतच पडतें, आणि उरतो तो ४० ग्रॅमचा एक चमचा. काठीवर लिहिलेलें असतें २१. फेंकावा कीं न फेंकावा?

याचें उत्तर देण्यापूर्वीं काठी काय काम करते तें पाहिलें पाहिजे. काठी ही मुळांत एक लांब, निमुळती कमान आहे. फेंकणारा ती मागें नेऊन पुढें झोंकतो, तेव्हां टोंकाशीं लोंबणारें आमिष आपल्या जडत्वामुळें मागें राहूं पाहतें व काठी वांकते. हा वांक म्हणजे सांठवलेली शक्ति. हात थांबला कीं काठी सरळ होते आणि सांठवलेली शक्ति आमिषाच्या स्वाधीन करते. तिरकामठ्याचेंहि असेंच दिसतें. परंतु त्यांत आणि यांत एक मोठा भेद आहे, व सगळा घोंटाळा तो भेद न ओळखल्यानें होतो. धनुष्य किती वांकावें हें धनुर्धराचा हात ठरवितो. बाण हलका असो वा जड असो, दोरी कानापर्यंत ओढली कीं धनुष्याला बसावयाचा तेवढाच ताण बसतो. जड बाण नुसता सावकाश जातो. काठीची गोष्ट निराळी आहे. तिला वांकविणारा हात एकटा नसतो. आमिषाचें जडत्वच तिला वांकवितें. आमिष जितकें जड आणि झोंक जितका जोराचा, तितका वांक अधिक. म्हणजे काठीवर पडणारा भार दोन गोष्टींच्या गुणाकारानें ठरतो: एक आमिषाचें वजन आणि दुसरी त्याला दिलेली वेगवृद्धि. छापलेल्या अंकांत यांपैकीं एकच गोष्ट दिसते. दुसरी फेंकणाऱ्याच्या हातांत असते.

थोडें गणित केलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, २८ ग्रॅमचें आमिष काठीच्या टोंकानें तीन मीटर अंतरांत झोंकलें आणि सुटतांना त्याला सेकंदाला ३० मीटर वेग आला. हा वेग ताशीं १०८ किलोमीटर होतो. शाळेंतील गणिताप्रमाणें वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीनें भागलें म्हणजे सरासरी वेगवृद्धि मिळते: ९०० भागिले ६, म्हणजे १५०. पृथ्वीच्या ओढीनें खालीं पडणाऱ्या वस्तूची वेगवृद्धि ९·८ असते. तेव्हां झोंकाच्या वेळीं आमिष आपल्या स्वतःच्या वजनाच्या पंधरापट जड होतें, असें समजण्यास हरकत नाहीं. हातावर अडीच तोळ्यांचें भासणारें तें आमिष काठीला सुमारें ४३० ग्रॅमच्या भारानें ओढीत असतें. आणि ही झाली सरासरी. झोंक सारखा नसेल, मध्येंच हिसका बसेल, तर त्या हिसक्याच्या क्षणीं भार याहून पुष्कळच वाढतो. विहिरीवर पोहरा भरून सावकाश ओढणारा दोर वर्षानुवर्षे टिकतो. तोच भरलेला पोहरा हातभर सोडून एकदम धरला तर जुना दोर तटकन् तुटतो. पोहऱ्याचें वजन दोन्ही वेळां एकच होतें.

इंग्लंडांत काठीचा ताठपणा मोजण्याची एक सोपी रीत रूढ आहे. तिला तेथें ‘टेस्ट कर्व्ह’ म्हणतात. काठीची मूठ पक्की धरावी, कड्यांतून ओंवलेल्या दोरीच्या टोंकाला ताणकांटा अडकवावा, आणि काठीचें टोंक मुठीशीं काटकोन करीपर्यंत दोरी ओढावी. त्या क्षणीं कांटा जितके पौंड दाखवील तितक्या पौंडांची ती काठी. रिचर्ड वॉकर या विख्यात मासे गरवणाऱ्याच्या लेखनानें ही रीत घरोघर पोंचली. तिच्याच जोडीला फेंकण्याच्या वजनाचा नियम बसला: काठी जितक्या पौंडांची, तितके औंस वजन तिला सर्वांत मानवतें. पौंडाचे औंस १६. म्हणजे फेंकावयाचें वजन काठीच्या ताठपणाच्या सोळाव्या हिश्शाइतकें असावें. वर केलेल्या हिशेबाशीं हा नियम ताडून पाहण्याजोगा आहे. आमिष झोंकांत पंधरापट जड होतें. सोळाव्या हिश्शाचें आमिष पंधरापट जड झालें म्हणजे काठी जवळजवळ काटकोनापर्यंत वांकते. नियम अनुभवानें बसला, आणि गणित त्याच ठिकाणीं येऊन पोंचतें. छापलेल्या अंकाचा अर्थ येथें उलगडतो. पूर्ण जोराचा झोंक दिला असतां ज्या वजनानें काठी आपल्या अंगचा सर्व वांक वापरील, पण त्यापुढें रेटली जाणार नाहीं, तें वजन त्या अंकानें सांगितलेलें असतें. पूर्ण जोराचा झोंक, हे तीन शब्द काठीवर छापलेले नसतात. ते वाचणाऱ्यानें समजून घ्यावयाचे असतात.

याच वॉकरच्या नांवाशीं निगडित असलेल्या एका प्रसंगाकडे पाहिलें म्हणजे एक सामान्य गैरसमज दूर होतो. हेरफर्डशायर परगण्यांतील रेडमायर नांवाच्या लहानशा तळ्यांत १३ सप्टेंबर १९५२ रोजीं त्यानें ४४ पौंड वजनाचा कार्प मासा धरला. तो मासा पुढें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत ठेवण्यांत आला व १९७१ पर्यंत जगला. वॉकरची काठी त्यानें स्वतः आंखलेली, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांची होती, व तिचा ताठपणा अवघा दीड पौंडाचा. म्हणजे वरील नियमानें तिनें दीड औंस वजन फेंकावें. आणि त्या काठीनें ४४ पौंडांचा मासा काठाला आणला! हें ऐकून कोणासहि वाटेल कीं, जी काठी एवढा मासा ओढते तिला तीनचार औंसांचें शिसें काय भारी? परंतु हीं दोन कामें भिन्न आहेत. माशाचें वजन पाण्यानें तोललेलें असतें. तो पळूं लागला कीं रीळ दोरी सोडीत जातें, त्यामुळें भार एका मर्यादेपुढें वाढतच नाहीं. शिवाय तो भार हळूहळू चढतो, तेव्हां काठी टोंकापासून मुठीपर्यंत वांकून जाड बुंध्याकडे भार सोंपविते. फेंकतांना यांतलें एकहि साह्य नसतें. दोरी बोटानें घट्ट धरलेली असते, भार अर्ध्या सेकंदाच्या आंत चढतो, आणि आमिषाला तोलून धरणारें पाणी तेथें नसतें. मासा किती मोठा धरला यावरून आमिष किती जड चालेल याचा अंदाज करणें, हें बैलगाडीनें किती पोतीं वाहिलीं यावरून ती किती उंचावरून खड्ड्यांत आपटली तरी चालेल हें ठरविण्यासारखें आहे.

आतां कारखानदाराचा अंक कितपत विश्वासाचा, हा प्रश्न येतो. जुन्या काळीं असा अंक छापण्याची फारशी गरज नव्हती. त्या वेळच्या रिळाचें पिंप दोरी जातांना स्वतः फिरत असे. तें फिरविण्याइतकें वजन आमिषांत नसलें तर आमिष दूर जातच नसे. यॉर्कशायरांतील ब्रॅडफर्डच्या लोकर-व्यवसायांतल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यानें १९०५ सालीं स्थिर पिंपाच्या रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींतील कांडीवरून सूत जसें टोंकाकडून उलगडत जातें, तशी या रिळावरची दोरी उलगडते. पिंप जागचें हलत नाहीं. यामुळें अगदीं हलकीं आमिषें फेंकतां येऊं लागलीं, त्यांच्यासाठीं बारीक काठ्या झाल्या, आणि कोणती काठी कोणत्या वजनाची हें सांगणें आवश्यक झालें. परंतु असल्या काठ्यांचा अंक ठरविण्याचें सर्व कारखान्यांना बांधणारें एकच माप नाहीं. प्रत्येक कारखानदार आपल्या परीक्षकांच्या हाताप्रमाणें तो ठरवितो. म्हणून एका कारखान्याची २१ ग्रॅमची काठी दुसऱ्याच्या ३० ग्रॅमच्या काठीइतकी ताठ निघाली तर त्यांत नवल नाहीं. ज्याला संशय असेल त्यानें ताणकांटा लावून वर सांगितलेली परीक्षा घरीं करून पाहावी. मात्र कार्बनच्या काठीला बळेंच काटकोनांत ओढूं नये. टोंकाकडचा भाग चांगला वांकला कीं थांबून दोन काठ्यांची तुलना करावी, तेवढ्यानें पुरेसा अंदाज येतो.

जेथें निश्चित माप आहे तेथेंहि अंक म्हणजे भिंत नव्हे, हें कृत्रिम माशीच्या गळावरून दिसून येतें. या प्रकारांत आमिषाला वजन जवळजवळ नसतेंच. जड असते ती दोरी, आणि काठी दोरीच फेंकते. अमेरिकेंतील मासेमारीचें साहित्य बनविणाऱ्यांच्या संघानें १९६१ सालीं या दोऱ्यांचे क्रमांक ठरविले. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचें वजन मोजावयाचें, व त्यावरून क्रमांक द्यावयाचा. सहाव्या क्रमांकाला हें वजन १६० ग्रेन, म्हणजे १० ग्रॅमच्या किंचित वर धरलेलें आहे. परंतु कसलेला मनुष्य त्याच काठीनें ६० फूट दोरी हवेंत उचलतो. दोरी टोंकाशींच निमुळती व पुढें सारख्या जाडीची असली, तर मागच्या ३० फुटांचें वजन पुढच्याहून थोडें अधिकच भरतें. म्हणजे अशा दोरीनें सहाव्या क्रमांकाची काठी नेमून दिलेल्या वजनाच्या दुपटीहून अधिक वजन रोज फेंकीत असते, व मोडत नाहीं. कां मोडत नाहीं? कारण लांब दोरी उचलतांना तो मनुष्य हात लांब व संथ फिरवितो. वजन वाढलें, वेगवृद्धि घटली, गुणाकार जागच्या जागीं राहिला.

जड आमिषाचें सारें रहस्य या एका वाक्यांत आहे. २१ ग्रॅमच्या काठीनें २८ ग्रॅम फेंकावयाचे असतील, तर काठीवरचा भार पूर्वीइतकाच राहण्यास सुटतांनाचा वेग पूर्वीच्या सत्त्याऐंशीं टक्क्यांवर आणावा लागतो. ४२ ग्रॅम, म्हणजे दुप्पट वजन, फेंकावयाचें असेल तर सुमारें सत्तर टक्क्यांवर. आणि ६३ ग्रॅम असतील तर अठ्ठावन्न टक्क्यांवर. वारा व हवेचा अडथळा सोडून दिला तर फेंकीचें अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलतें. म्हणजे दुप्पट वजनानें तें निम्में होतें व तिप्पट वजनानें एक-तृतीयांश. प्रत्यक्षांत हवेचा अडथळा हलक्या आमिषाला अधिक नडतो व जड आमिष वारा कापीत जातें, म्हणून तोटा इतका मोठा दिसत नाहीं. थोडें अधिक वजन लावल्यानें समोरच्या वाऱ्यांत कधीं कधीं लाभहि होतो. परंतु जितकें जड तितकें दूर, ही समजूत मात्र खोटी आहे. काठी जपावयाची तर एका हद्दीपुढें वजन वाढवून अंतर वाढत नाहीं. आणि व्यवहारांत घडतें तें नेमकें उलटें. आमिष जड लागलें कीं मनुष्याचा हात आपोआप अधिक जोर करतो. जेथें हात सैल सोडावयाचा तेथें तो दांतओठ खाऊन झोंक देतो, आणि दोन्ही आंकडे एकदम वाढवितो. काठ्या मोडतात त्या अशा क्षणीं.

मोडण्याची रीतहि काठीच्या जातीप्रमाणें वेगळी असते. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत बांबूच्या चिरफळ्या तासून, चिकटवून काठ्या करूं लागले. चीनमधला टॉन्किन म्हणून विकला जाणारा बांबू येण्यापूर्वीं त्यांसाठीं हिंदुस्थानांतून जाणारा ‘कलकत्ता केन’ हा बांबू वापरीत. बांबूची काठी अतिभाराखालीं पुष्कळदां आधीं सूचना देते: ती वांकलेलीच राहते, पुन्हां पूर्ण सरळ होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंची काठी आली; ती जड व मऊ, पण सोशिक. कार्बनच्या बळकट तंतूंची कृति १९६०च्या दशकांत इंग्लंडांतील फार्नबरो येथील विमानविद्येच्या संशोधनसंस्थेंत पक्की झाली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभीं त्यांच्या काठ्या बाजारांत आल्या. कार्बनची काठी म्हणजे कागदासारख्या पातळ भिंतीची पोकळ नळी. ती हलकी, ताठ व चपळ असते. परंतु सूचना देत नाहीं. वांकलेल्या नळीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात व आंतल्या अंगाचे दाबले जातात. कार्बनचे तंतू ताण जितका सोसतात तितका दाब सोसत नाहींत. त्यांत वांकतांना नळीचा गोल घेर चपटा होऊं लागतो. चपटी झालेली नळी अधिक सहज वांकते, आणि अधिक वांकली कीं अधिक चपटी होते. त्या क्षणानंतर ती एकदम, मोठा आवाज करून फुटते. मागें कधीं शिसें आपटून, खडकावर पडून तिच्या अंगावर नखाएवढा ओरखडा उठला असला तर फूट तेथूनच निघते. म्हणून एका काठीनें शंभर वेळां जड आमिष फेंकलें, हा एकशें एकाव्या वेळचा पुरावा होत नाहीं.

तरीहि काठी मोडणें हें यांतलें सर्वांत लहान नुकसान आहे. काठी दुसरी घेतां येते. दोरी तुटली तर काय होतें, याचा विचार अधिक अगत्याचा आहे. ६० ग्रॅमचें शिसें किंवा तिहेरी गळांचा चमचा ताशीं शंभर किलोमीटरच्या वेगानें निघाला आणि दोरी हातांतच तुटली, तर तो समुद्राकडेच जाईल असा नेम नसतो. झोंकाच्या आरंभीं तुटला तर तो बाजूला जातो, वर जातो, क्वचित् मागेंहि जातो. आणि मागें बहुधा मुलें उभीं असतात, कौतुकानें पाहत. डोळ्यास लागलेल्या गळाची किंमत कोणत्याहि काठीच्या किंमतींत मोजतां येत नाहीं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जड शिसें फेंकणारे लोक म्हणूनच मुख्य दोरीच्या पुढें एक जाड दोरी बांधतात, आणि तिचा नियम सोपा आहे: शिशाच्या प्रत्येक औंसास १० पौंड बळाची दोरी. पांच औंसांना ५० पौंडांची. ही दोरी काठीच्या लांबीहून इतकी अधिक असावी कीं, फेंकतांना रिळावर तिचे पांचसहा वेढे राहावे, म्हणजे झोंकाचा आघात बारीक दोरीवर किंवा गांठीवर न येतां सर्वस्वीं तिच्यावर येईल. हा नियम शिशाच्या वजनाच्या दीडशेंपटीहून अधिक बळ मागतो. पंधरापटीच्या सरासरी हिशेबापुढें तें अवाढव्य वाटेल. पण हिसका, झिजलेली दोरी, पाण्यांत भिजून सैलावलेली गांठ आणि जोरदार मनुष्याचा हात, या सर्वांची बेरीज त्यांत धरलेली आहे.

दोरीच्या जातीकडेहि लक्ष पाहिजे. नायलॉनची दोरी ताणली कीं लांबते आणि हिसका पोटांत घालते. अलीकडे प्रचारांत आलेली विणीची पातळ दोरी जवळजवळ लांबतच नाहीं. तिच्यावरचा प्रत्येक हिसका बहुतेक जसाच्या तसा काठीच्या टोंकाला व बोटाला पोंचतो. स्थिर पिंपाच्या रिळावर दोरी तर्जनीनें धरून ठेवावी लागते. जड आमिष जोरानें झोंकतांना ही पातळ दोरी बोट सुरीसारखें कापते. चामड्याचें आवरण बोटांत घालणारे लोक नाजूक नव्हेत, अनुभवी आहेत. रिळाची तारेची कडी झोंकांतच मिटली किंवा दोरीचा एक वेढा काठीच्या टोंकाला गुंडाळलेला राहिला, तर सुटूं पाहणारें आमिष जागच्या जागीं अडतें. मग दोरी तुटते किंवा टोंक तुटतें. हलक्या आमिषानें असली चूक निभावून जाते. जड आमिषानें निभावत नाहीं.

तेव्हां नाइलाजानें जड आमिष लावावयाचें ठरल्यास तें कसें फेंकावें? गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्याला ही विद्या न शिकवितां येते: तो दगडाला हिसका देत नाहीं, त्याला गति घेऊं देतो. आमिष टोंकाशीं आंखडून न धरतां काठीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोंबतें सोडावें. काठी मागें नेऊन क्षणभर थांबावें, म्हणजे आमिष डोलावयाचें थांबेल. नंतर दोन्ही हातांनीं, लांब पल्ल्यानें, सावकाश आरंभ करून वेग चढवीत न्यावा. आरंभींच जोर करूं नये. मार्ग जितका लांब तितकी तोच वेग देण्यास लागणारी वेगवृद्धि कमी, हें वरच्या गणितांत आलेलेंच आहे: तीन मीटरांऐवजीं चार मीटरांत तोच वेग दिला तर भार एक-चतुर्थांशानें उतरतो. प्रत्येक फेंकीपूर्वीं टोंकाकडे एक दृष्टि टाकावी, गांठ बोटानें चांचपून पाहावी, आणि मागें वळून पाहावें. डोळ्यांवर चष्मा व डोक्यावर टोपी असावी. शेजारी उभे राहणाऱ्यांनाहि त्यांची तितकीच गरज आहे.

कित्येकदां मात्र अंकाला दोष दिला जातो आणि गुन्हेगार निराळाच असतो. मासा जवळ आल्यावर काठी उभी, अगदीं पाठीमागें कलेपर्यंत धरली तर सगळा वांक टोंकाच्या बारीक भागांतच कोंडला जातो, व अर्ध्या किलोच्या माशानेंहि टोंक मोडतें. खडकांत अडकलेलें आमिष काठीच्या हिसक्यांनीं सोडवूं नये. काठी दोरीच्या रेषेंत सरळ धरून, दोरी हाताला कापड गुंडाळून ओढावी, म्हणजे काठीला वांकावें लागत नाहीं. पुढें रुंद ओंठ बसविलेलें, खोल बुडणारें आमिष वजनानें मर्यादेंत असलें तरी ओढतांना पाण्याला इतकें अडवितें कीं काठी सारखी वांकलेली राहते. फेंकण्याचें वजन आणि ओढण्याचा भार हीं दोन वेगळीं मापें आहेत, आणि काठीवर त्यांतलें पहिलेंच छापलेलें असतें.

खालच्या अंकाचीहि उपेक्षा होऊं नये. ७ ते २१ ग्रॅमच्या काठीला ३ ग्रॅमचें आमिष लावलें तर ती मोडणार नाहीं, पण वांकणारहि नाहीं. आणि जी काठी वांकत नाहीं ती फेंकत नाहीं. मग मनुष्य अधिक जोर करतो व पुन्हां हिसका येतो. काठीचें उत्तम काम दोन्ही अंकांच्या मध्याच्या थोडें वर होतें, असा अनेकांचा अनुभव आहे.

एवढ्या विवेचनावरून खडकावर उभ्या राहिलेल्या त्या मनुष्याला उत्तर देतां येतें. वरच्या अंकाहून एक-तृतीयांशापर्यंत अधिक वजन असेल, काठी निर्व्यंग असेल आणि हात संथ असेल, तर फेंकण्यास हरकत नाहीं. दुप्पट वजन असेल, तर फेंक ही झोंक न राहतां नुसती झुलवणी व्हावी. दोरी जाड असावी, मागें मोकळी जागा असावी, आणि अंतराची आशा सोडून द्यावी. त्याच्या ४० ग्रॅमच्या चमच्याचें स्थान हेंच. ज्या दूरच्या माशासाठीं तो चमचा लावावयाचा, तेथवर संथ हातानें तो बहुधा पोंचणार नाहीं. आणि पोंचविण्यासाठीं जोर केला तर काठी, बोट किंवा शेजारी, यांपैकीं कोणीतरी त्याचें मोल देईल. दुपटीच्या पलीकडे दुसरी, जाड काठीच घ्यावी. वडिलांच्या वेळची एखादी बांबूची काठी घरांत जपून ठेवलेली असेल, आणि तिच्यावर अंकच नसेल, तर तिला कोणतेंहि नवें जड आमिष लावण्यापूर्वीं तिचा ताठपणा मोजून घ्यावा. तिच्या ठिकाणीं दुसरी मिळावयाची नाहीं.